एकांच्या नऊ ओळी



१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय नि उजवीकडून वाचली काय, सारखीच. नऊ एक ओळीने लिहिले असता होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय.

हा चमत्कार वाटला, तरी त्याचे मर्म प्राथमिक शाळेतील गुणाकारात आहे. पाटीवर मांडणी केली, की एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत एकाखाली एक येतात. उभ्या बेरजा कडेला एक, शेजारी दोन, अशा चढत मध्यावर नऊ होतात व तशाच उतरतात. नवाच्या पलीकडे बेरीज कोठेच जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एकांचा वर्ग करताच मध्यावर दहा येतात, हातचा शिरतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येऊन तो डौल मोडतो.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. डेम्लो हे डोंबिवली रेल्वे स्थानकाचे जुने नाव; ही कल्पना त्यांना तेथे सुचली. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने भाग दिला असता बरोबर १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. डेम्लो संख्या हर्षदही निघाली!

कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले. १९३० ते १९६२ ते देवळालीस शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हते. अनेक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. त्यांनी आपले पुष्कळसे लेखन लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच प्रसिद्ध केले. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते निवर्तले.

या कथेतून ग्रंथालयाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. गोमंतकातही अनेक शिक्षकांनी, कीर्तनकारांनी, नाटककारांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. पातळ पाठ्याच्या, स्वस्त कागदाच्या या पुस्तिका कपाट आवरताना सर्वांत आधी रद्दीत जातात. त्यांतील कोणती मोलाची, हे निवडण्याचा अधिकार आजच्या पिढीला नाही. जपण्याचे कर्तव्य मात्र आहे. म्हापशातील या वाचनालयाने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना अशा प्रत्येक पुस्तिकेला दाखल क्रमांक द्यावा. कोणता वाचक ती कधी मागेल, सांगता येत नाही.