वाट दिसली पाहिजे

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे नुकतेच पुन्हा एकदा ओळीनं पाहिले. अद्भुतकथांचे सिनेमे आणि मालिका हा माझा जिवाभावाचा विषय. तेव्हा आज समीक्षा वगैरे नाही. बघता बघता मनात जे उमटत गेलं, तेवढंच बोलणार आहे.

2001च्या पहिल्या सिनेमात एक छोटासा प्रसंग आहे. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम अंगठी घेऊन गाव सोडून निघालेत. संकट अजून दूर आहे. एका शेतातून चालताना सॅम मध्येच थबकतो. आणखी एक पाऊल टाकलं, की तो घरापासून आजवरच्या आयुष्यातला सगळ्यात लांब पोचणार. फ्रोडो त्याच्यासाठी मागे वळतो आणि मग सॅम ते पाऊल टाकतो. बस्, एवढंच. पण पुढे ज्वालामुखीच्या उतारावर हाच सॅम फ्रोडोला पाठीवर घेतो, तेव्हा ते शेत मला आठवतं आणि रडू आवरत नाही. किती लांब आलीत ही पोरं! तिन्ही सिनेमे मिळून नऊ तासांहून जास्त चालतात, आणि त्यातला मोठा भाग ही माणसं नुसती चालत असतात. मला तो कधीच कंटाळवाणा वाटला नाही. जादू, राक्षस, अंगठी, यांवर माझा विश्वास बसतो तो या पायपिटीमुळेच.

तिसऱ्या सिनेमातला डोंगरमाथ्यावरच्या जाळांचा प्रसंग तर मी कितीदाही बघेन. मिनास टिरिथ शहर वेढलं जाणार आहे. मदत मागवायला तिथला कारभारी डेनेथॉर तयार नाही. मग छोटासा पिपिन चोरून वर चढतो आणि लाकडांचा ढीग पेटवतो. दूरच्या शिखरावर एक ठिणगी दिसते. मग त्याच्या पलीकडच्या शिखरावर दुसरी. न्यूझीलंडचे बर्फाळ डोंगर, त्यांवरून उडणारा कॅमेरा, हॉवर्ड शोरचं चढत जाणारं संगीत. संवाद जवळपास नाहीतच. शेवटचा जाळ शेजारच्या रोहन राज्यात अ‍ॅरागॉर्नला दिसतो, तो धावत राजाकडे जातो, आणि राजा थेओडेन क्षणभर थांबून मदतीला निघायचं ठरवतो. त्या क्षणभरात मी दर वेळी श्वास रोखून बसते. टॉल्किनच्या मूळ कादंबरीत हे जाळ आधीच पेटलेले असतात. जादूगार गँडाल्फ आणि पिपिन यांना ते घोड्यावरून जाताना दिसतात. पिपिननं पेटवण्याची कल्पना सिनेमाची. टॉल्किनच्या मजकुराला हात लावलेला मला सहसा खपत नाही, पण हा बदल मी मनापासून स्वीकारला आहे. दोन राज्यांमधलं अंतर डोळ्यांना दिसतं ते त्यामुळेच. आणि एक विचार दर वेळी येतो: त्या एकेका शिखरावर, ढगांच्याही वर, कुणीतरी वर्षानुवर्षं लाकडं कोरडी राखत बसलं असेल. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. युद्ध जिंकण्यात त्यांचाही वाटा आहे.

पायपीट पडद्यामागेही झाली. फ्रोडोचा सहप्रवासी बोरोमीर, त्याचं काम करणाऱ्या शॉन बीनला हेलिकॉप्टरची फार भीती. बर्फातल्या चित्रीकरणासाठी बाकीचे नट उडत वर जायचे, आणि हा बोरोमीरच्या पोशाखात डोंगर चढून जायचा. हे कळल्यापासून त्या प्रसंगातला त्याचा प्रत्येक श्वास मला खरा वाटतो.

हाच शॉन बीन 2011मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेत नेड स्टार्क झाला. तिथे पहिल्याच भागात राजा रॉबर्टचा लवाजमा महिनाभर प्रवास करून उत्तरेला विंटरफेलला पोचतो. महिनाभर! त्या एका उल्लेखानं ते राज्य किती अफाट आहे, ते कळून जातं. पहिल्या काही सीझनमध्ये रस्ता हेच कितीतरी घटनांचं कारण होतं. जेमी आणि ब्रिएन हे दोन योद्धे वाटेत पकडले जातात, आणि जेमी हात गमावतो तो त्या वाटेवरच. 2015चा 'हार्डहोम' हा भाग मला सगळ्यात प्रिय. शेवटी जॉन स्नो बोटीतून मागे मागे जातो आहे, किनाऱ्यावर मृतांच्या सैन्याचा म्होरक्या नाइट किंग हात वर करतो आणि मेलेले एकेक करून उठतात. दोघांमधलं पाणी वाढत जातं, तशी भीतीही वाढते. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते.

आणि मग 2017चा सातवा सीझन. आधीच्या प्रत्येक सीझनचे दहा भाग होते, याचे सातच. राज्याच्या उत्तर सीमेवरच्या भिंतीपलीकडे वेढल्या गेलेल्या जॉनसाठी गेंड्री धावत भिंतीपर्यंत जातो, तिथून निरोपाचा डोमकावळा पार ड्रॅगनस्टोनला पोचतो, आणि डेनेरिस ड्रॅगन घेऊन वेळेवर हजर! ड्रॅगन मरतो तो क्षण भयंकर आहे, मला वाईटही वाटलं, पण पोटात खड्डा पडला नाही. जिथे महिना लागायचा तिथे आता डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचता येत होतं. त्या दिवसापासून या मालिकेवरचा माझा विश्वास डळमळला.

2022च्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेतही सैन्य समुद्र ओलांडून नेमकं गरजेच्या घटकेला गावात येऊन थडकतं, तेव्हा मी नाराजच झाले. पण त्याच मालिकेत एक फार सुंदर प्रसंग आहे. एल्रॉण्ड हा एल्फ आपल्या मित्राला, ड्वार्फ राजपुत्र ड्युरिनला, वीस वर्षांनी भेटायला जातो. एल्फ अमर; त्यांना वीस वर्षं म्हणजे काहीच नाही. ड्युरिनचं मात्र त्या काळात लग्न झालं, मुलं झाली, आणि मित्र आला नाही. त्याचा तो राग, आणि रागामागचं दुखावलेपण! मैलांचं अंतर दाखवायला जमलं नाही, तरी काळाचं अंतर या प्रसंगानं अचूक दाखवलं.

ज्यांनी हे काहीच पाहिलेलं नाही, त्यांना माझी विनंती आहे: पीटर जॅक्सनच्या त्या तीन सिनेमांपासून सुरुवात करा, आणि वाढीव लांबीच्या आवृत्त्याच बघा. तिसरा चार तासांहून मोठा आहे. हवं तर दोन रात्रींत बघा. वाचायचं असेल, तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे. आणि बघताना रिमोट हातात असला, तरी चालण्याचे प्रसंग पुढे पळवू नका.