घरी पोचेल असे बोलणे
(सांगोला येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



सभा मोठी होते, टाळ्या पडतात, आणि माणूस घरी गेला म्हणजे घरची विचारते, "काय सांगितलं हो?" तेव्हा तो म्हणतो, "लई चांगलं बोलले." काय बोलले ते मात्र वेशीतच सांडलेले असते. दोष ऐकणाराच्या डोक्याला देण्याची चाल पडली आहे. आम्हाला ती मान्य नाही. ज्या बाईला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ, ज्या सुताराला चाकाचे सारे माप कागदावाचून ठाऊक, त्याचे डोके कच्चे कसे? सांगणाराच्या सांगण्यातच काही उणे असले पाहिजे.

जोतीरावांनी हे पुरे ओळखले होते. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती सवाल-जवाबाच्या रूपाने. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. वाचणाराच्या मनात जी शंका यावी ती धोंडीबाने आधीच विचारून ठेवलेली. त्यातच बळीराजाची गोष्ट घेतली. दिवाळीला आयाबाया ओवाळताना बळीचे राज्य मागतात, हे घरोघर ठाऊक होते. त्या जुन्या खुंटीला त्यांनी नवा विचार टांगला. खुंटी घरातलीच, म्हणून विचारही घरातच राहिला. पुढे १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' पाहा. नावच शेतकऱ्याच्या हातातले! हे पुस्तक छापण्याआधी त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविले. ग्रंथाच्या आरंभी विद्येपासून वित्तापर्यंत एकेक वस्तू कशी हातची जाते ते सांगितले आहे. दर कडीत मागच्या कडीतला शब्द अडकविलेला. एक कडी आठवली की पुढची आपोआप ओढली जाते. आज निरक्षर म्हातारीलाही ती साखळी म्हणता येते.

सत्यशोधक जलशांनी तेच केले. साचा तमाशाचा ठेवला, आत मजकूर सावकारीचा, दारूचा, लग्नातल्या उधळपट्टीचा भरला. गाडगेबाबांनी तर कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारावे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढावे. आपण स्वतः दिलेले उत्तर माणूस सहसा विसरत नाही.

पण एक गोष्ट बजावतो. ध्यानात राहते ते सारे खरे असते असे नाही. खोटी गोष्टही यमकात बसली की पिढ्यान्‌पिढ्या चालते. पावसाची कितीतरी वचने आम्ही घोकतो. त्यांतली काही अनुभवाची, काही नुसती गोड. म्हणून आधी गोष्ट पारखावी, मग तिला चाल लावावी. उलट केले तर भोंदूत आणि आपल्यात फरक काय?

आता आपल्या तालुक्याचेच घ्या. डाळिंबावर सांगोल्याचे घर चालते आणि तेल्याने बागा बसतात. मध्ये एका सभेत एक गृहस्थ या रोगावर दोन तास बोलले. बोलले ते खरेच होते. पण जंतूचे लांबलचक नाव आणि औषधांची यादी ऐकून मंडळी चहा पिऊन घरी गेली. आम्ही असतो तर एवढेच म्हटले असते: तेल्याची फांदी कापलेली कात्री न धुता पुढच्या झाडाला लावणे म्हणजे एकाच्या खरजेवर फिरलेला वस्तरा दुसऱ्याच्या गालाला लावणे. न्हावी बंधूंनी रागावू नये. ते पाते बदलतात, आम्हीच बदलत नाही! कात्री दर झाडाला जंतुनाशक पाण्यात बुडवावी, कापलेली फांदी बांधावर न टाकता जाळावी, रोगट बागेतले रोप कितीही स्वस्त मिळो, आणू नये. पावसाच्या थेंबासरशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर उडतो, म्हणून पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून पाहावे. तेल्यासाठी डोळ्यांत तेल, एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ. फवारणीचे प्रमाण मात्र तोंडी सांगू नये. ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पंपाच्या खोलीत चिकटवावे. चुकीचा आकडा पाठ झाला तर बाग जाईल. सोलापुरास २००५ पासून डाळिंबाचे संशोधन केंद्र आहे, आकडा तेथून विचारून घ्यावा.

असो. आम्ही खाली बसतो. मागच्या ओळीतल्या मावशींनी उठून, कात्रीविषयी आम्ही काय बोललो ते आपल्या शब्दांत सर्वांस सांगावे.