पर्सनलवर विचारू का?

आजचा भाग मी नारायणगावच्या घरातूनच रेकॉर्ड करतोय. नोकरी पुण्यात, पण शनिवार-रविवार इकडे असतो. मध्येच टोमॅटोच्या पिकअपचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न असा, की ऑनलाइन ग्रुपमधून शिक्षक आणि विद्यार्थी खरंच जोडले जातात का? सुरुवात माझ्या फसलेल्या प्रयोगापासून करतो.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही चार इंजिनिअर मित्रांनी आसपासच्या गावांतली अकरावी-बारावीची मुलं आणि विज्ञानाचे काही शिक्षक यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मुलांनी शंका विचारायच्या, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. पहिल्या आठवड्यात नोट्सच्या पीडीएफ आल्या, दुसऱ्या आठवड्यापासून सुप्रभात सुरू झालं. शंका मात्र एकही नाही. आणि त्याच वेळी मला वेगळे मेसेज यायचे, ‘दादा, पर्सनलवर विचारू का?’

म्हणजे शंका होत्या. पण सगळ्यांसमोर, त्यात सरांसमोर, चुकायची भीती होती. वर्गात हात वर न करणारं पोरगं ग्रुपवर तरी कसं करणार? सहा महिन्यांत ग्रुप थंड पडला.

मग मी शोधायला लागलो, की असे ग्रुप टिकले कुठे? त्यातला एक धागा थेट आपल्या खोडदला पोचला.

खोडदची जीएमआरटी दुर्बीण आपल्याला माहितीच आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी, एकमेकींच्या जवळ, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेबरोबर आपण तिथं गेलोय. अँटेना बघितल्या, डबा खाल्ला, परत आलो. पण त्या अँटेनांनी गोळा केलेली माहिती माझ्यासारखा बीटेकवाला घरी बसून वापरू शकतो, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

२०१३ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. आनंद होता यांनी (हो, ‘होता’ हे त्यांचं आडनाव आहे!) ‘रॅड ॲट होम’ नावाचा उपक्रम सुरू केला. जागा कुठली, तर फेसबुक ग्रुप. घोषवाक्य ‘एनी बीएस्सी, बीई कॅन डू रिसर्च’. काम असं, की एका दीर्घिकेचं दृश्य प्रकाशातलं चित्र घ्यायचं, त्यावर रेडिओ दुर्बिणीच्या नकाशाच्या रेषा चढवायच्या आणि काही विचित्र दिसतंय का ते बघायचं. चित्र ग्रुपवर टाकायचं आणि त्यावर चर्चा करायची. त्याच्या जोडीला प्रशिक्षणाची शिबिरं.

२०१३मध्येच जुन्या नकाशांत एक दीर्घिका विचित्र वाटली, तिचं नाव ‘रॅड१२’. तिच्यातल्या कृष्णविवरातून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळतोय, असं दिसत होतं. खात्री कुणी केली? आपल्या खोडदच्या दुर्बिणीनं. ऑक्टोबर २०२२मध्ये ते संशोधन ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आलं. मध्ये किती वर्षं गेली? नऊ! आमचा ग्रुप सहा महिन्यांत गार झाला होता.

मग फरक कुठे पडला? ॲपमध्ये नाही. मी स्वतः ॲप लिहून पोट भरतो, तरी सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये सरांना उत्तर माहीत होतं आणि मुलाला नव्हतं, त्यामुळे विचारणं म्हणजे आपलं अज्ञान उघडं करणं. तिकडे समोर जे चित्र असतं, त्याचं उत्तर कधीकधी शास्त्रज्ञालाही माहीत नसतं. दोघं एकाच बाजूला बसून एकाच कोड्याकडे बघतात. मग विचारायची लाज कशाची?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तिथं नुसते गप्पा मारायला येत नाहीत, जत्रेची सुपारी द्यायला येतात. गप्पा, ओळखी सगळं होतं, पण कामाच्या निमित्तानं. ग्रुपचंही तसंच आहे. आधी काम लागतं, मग माणसं जोडली जातात.

जगातही हेच दिसतं. २००७मध्ये ‘गॅलेक्सी झू’ या उपक्रमात हॅनी व्हान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला आकाशात एक अनोळखी ढग दिसला. तिनं विचारलं, हे काय आहे? तज्ज्ञांनाही लगेच सांगता आलं नाही. आज तो ढग तिच्या नावानं ओळखला जातो. तिथं शिक्षिकाच विद्यार्थी झाली होती.

हे वाचल्यावर आम्ही जुना ग्रुप परत उघडला. नोट्स बंद, सुप्रभात बंद. दर रविवारी एक काम. नासाच्या ‘स्कायव्ह्यू’ या फुकट साइटवरून एक चित्र बनवायचं आणि त्यात काय दिसतं ते दोन ओळींत लिहायचं, मराठीत चालेल. तिसऱ्या रविवारी बारावीच्या एका मुलीनं चित्र टाकलं, खाली लिहिलं, ‘ही रेडिओची रेघ दीर्घिकेच्या बाहेर का आहे?’ फिजिक्सच्या सरांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग मेसेज आला, ‘मलाही कळत नाहीये. बघतो.’

त्या रात्री ग्रुपवर जेवढे प्रश्न आले, तेवढे आधीच्या सहा महिन्यांत आले नव्हते. शेवटी ती रेघ म्हणजे मागच्या दुसऱ्याच एका दीर्घिकेची निघाली. शोध वगैरे काही लागला नाही. पण त्यानंतर मला ‘पर्सनलवर विचारू का’ असा मेसेज आलेला नाही.

ऐकणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील तर एवढंच सांगेन, सर, मॅडम, ग्रुपवर एकदा ‘मला माहीत नाही’ असं लिहून बघा. पुढचं मुलं बघून घेतील.

भेटूया पुढच्या भागात.