‘नंतर’ म्हणणारा मामू

मी कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझं नातं टाइप करण्यापुरतं. मुरूडच्या घरी ब्राउझरच्या कोपऱ्यात ‘अपडेट’ची खूण दिसली की मी ‘नंतर’ म्हणतो. कविता अर्धी उघडी असते ना! परवा भाचा वैतागला. म्हणाला, ‘‘मामू, होडीच्या सांध्यात फट दिसली तर कापूस ठासायचं नंतरवर टाकाल का?’’

ब्राउझरला कसली आली फट? त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपण एखादं पान उघडतो तेव्हा त्याच्यासोबत जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतल्या सूचना येतात. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. (दहा दिवसांत माझी एक गझल होत नाही.) त्या सूचना अमलात आणणारं इंजिन ब्राउझरच्या पोटात असतं, क्रोममधल्या इंजिनाचं नाव व्ही-८. काम भरभर व्हावं म्हणून ते अंदाज बांधतं. मघापासून इथे आकडा येतोय, आताही आकडाच असणार! आता मराठीत ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सारा, आणि ‘कर’ ही आज्ञाही. अशा श्लेषावर आम्ही टाळ्या घेतो, इंजिन मात्र त्यात फसतं. आकडा समजून हाताळलेली वस्तू भलतीच निघते, आणि लबाडीने लिहिलेल्या पानाला जिथे मज्जाव आहे तिथे शिरकाव मिळतो. काही उतरवून घ्यावं लागत नाही, पान उघडलं की पुरे. एप्रिल २०२३ मध्ये व्ही-८मध्ये अशीच चूक सापडली. गुगलने दुरुस्ती दिली, पण त्याआधीच चोर ती फट वापरत होते.

‘‘माझ्या कवितांत चोरण्यासारखं काय आहे रे?’’

‘‘बँकेचं खातं याच संगणकावर उघडता ना?’’

भाचा न्हावा-शेव्याला मालाच्या कागदपत्रांचं काम करतो. त्याने २०१७ ची आठवण काढली. २७ जूनला नॉटपेट्या हा विषाणू मर्स्क कंपनीच्या यंत्रणेतून जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलपर्यंत आला. काम ठप्प, कंटेनर साचू लागले. कंपनीला जगभरात ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. ती फट ब्राउझरची नव्हे, विंडोजची. विषाणू चोरलेल्या पासवर्डांवरही पसरत होता, पण त्या फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. तीन महिने आधी!

गंमत म्हणजे, विषाणू मुळात शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. मला वाटलं, सापडला मुद्दा. ‘‘म्हणून काय कुठलंच अपडेट घ्यायचं नाही?’’ भाचा म्हणाला. ‘‘एक नावाडी फितूर निघाला म्हणून तरीने जाणं सोडतो का आपण?’’

आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. दुरुस्ती आपोआप उतरली तरी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ती लागू होत नाही. माझा ब्राउझर तर आठवडा-आठवडा उघडाच असतो.

मी कविता जपून ठेवली आणि बटण दाबलं. कपातला चहा निवायच्या आत ब्राउझर पुन्हा उघडला होता.