ढोल वाजला की गाव जमतं

(जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या बैठकीतले भाषण, फेब्रुवारी 2010)



भोंगऱ्या तोंडावर आला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या बारेला-भिलाला गावांत ढोल-मांदल खाली उतरले असतील, कोरकू गावांत ढोलकी-बासरी निघाली असेल. म्हणून आज दाव्यांच्या कागदांआधी याच्यावर बोलतो. कोणी म्हणेल, जमिनीच्या बैठकीत गाण्याचं काय काम? काम आहे.

वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपल्या कब्जात आहे हे दाखवायचं आहे. ज्याच्याजवळ दंडाची पावती आहे तो नशीबवान. बाकीच्यांनी काय करायचं? नियम 13 वाचा. सरकारी कागदाबरोबर म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब तिथं पुरावा धरला आहे. घर, विहीर, मसणवटा, देवाची जागा, वंशावळ, हेही पुरावे. यातले एकाहून जास्त जोडायचे.

आम्ही आधी दाव्यात 'वडिलोपार्जित' एवढंच लिहिलं होतं. 'पुरावा नाही' म्हणून दावे परत आले. मग रात्री म्हाताऱ्यांना शेकोटीजवळ बसवलं. नुसतं विचारलं तर म्हणत, "आता काय आठवते बाप्पा!" पण ढोलावर हात पडला, बायांनी गाणं धरलं, आणि एकेक नाव निघालं. आजा कोणत्या नाल्यावरून आला, वाघदेवाला पहिला नारळ कोणी फोडला, कोणत्या मोहाखाली कोणाला पुरलं. सकाळी त्यांनाच घेऊन शिवार फिरलो, जागा पाहिल्या, जबाब लिहिले, अंगठे घेतले. कचेरीत गाणं चालत नाही, हे खरं. पण गाण्यानं जे आठवलं त्याचा जबाब चालतो.

आता दुसरी गोष्ट. लग्नात डीजे येऊ लागला आहे. कापूस घरात यायच्या आधी भाड्यासाठी सावकाराचे पैसे काढायचे, काहून? डीजेसमोर चार पोरं नाचतात, म्हातारे उठून घरी जातात. ढोलाच्या फेऱ्यात सगळं गाव असते. ज्या गावात फेरा मोडला तिथं ग्रामसभेलाही माणूस येत नाही, हे आपण पाहतो आहोत. आणि वनहक्काच्या ग्रामसभेला ठरलेली हजेरी लागते. हजेरी नाही तर ठराव नाही, ठराव नाही तर दावा पुढं जात नाही.

शहाद्यात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. त्याआधीपासून अंबरसिंग महाराज भजनं म्हणत माणसं जोडत होते. आपण नवीन काही सांगत नाही.

तर गावी जाऊन एवढं करा :

1. ग्रामसभेचं बोलावणं ढोल वाजवून द्या. नुसती नोटीस चिकटवू नका.

2. होळीला म्हातारे-म्हाताऱ्या गायला बसतील, तेव्हा वनहक्क समितीच्या एकानं वही घेऊन बसावं. जागांची, माणसांची नावं लिहावी.

3. दावा नाकारला असेल तर 60 दिवसांत वरच्या समितीकडे अपील करा. दिवस मोजा.

4. डीजेसाठी कर्ज काढू नका.

मागच्या होळीला गाणारे दोघं यंदा नाहीत. त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत. आता जे आहेत त्यांच्याजवळ यंदाच बसा.

जिंदाबाद!