कोल्हापूर ते गोंदिया : रोजच्या एका गाडीची व्यवस्था



दक्षिणेकडील कोल्हापूर आणि पूर्वेकडील गोंदिया ही दोन टोके महाराष्ट्र एक्सप्रेस ही गाडी दररोज जोडते. सुमारे १,३४६ किलोमीटरचा हा प्रवास जवळजवळ २८ तासांचा असून, या सबंध वाटेत गाडी राज्याची हद्द ओलांडत नाही.

आज हे सहज वाटत असले, तरी ज्या लोहमार्गांवरून ही गाडी जाते ते एका योजनेतून झालेले नाहीत. १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेल्या मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला. दौंड-मनमाड हा दुवा १८७८ चा, तर कोल्हापूर संस्थानचा मिरजेपर्यंतचा मार्ग १८९१ चा. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग मीटरगेज होता, तोवर पुण्यास गाडी बदलणे भाग होते. तो १९७१ च्या सुमारास रुंद झाला, तेव्हा कोठे थेट गाडीची वाट मोकळी झाली. मुंबईकडे तोंड करून आखलेल्या या मार्गांवरून पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि विदर्भ यांचा परस्परांशी थेट संबंध या गाडीने साधला. बदलीवर गेलेला कर्मचारी, परगावी शिकणारा विद्यार्थी, उपचारासाठी निघालेला रुग्ण यांना तिचा मोठा आधार आहे.

आता तिच्या व्यवस्थेकडे वळू. दुपारी कोल्हापूरहून सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी सायंकाळी गोंदियास पोहोचते, तिसऱ्या दिवशी सकाळी परत फिरते आणि चौथ्या दिवशी कोल्हापुरास येते. म्हणजेच रोज एक गाडी सोडावयाची, तर डब्यांचे किमान तीन संच सतत फिरते ठेवावे लागतात. वाटेत ठराविक स्थानकांवर चालक आणि गार्ड बदलतात, डब्यांत पाणी भरले जाते. गाडी कोठे थांबवावी, कोणती पुढे काढावी, याचा निर्णय नियंत्रण कक्ष घेतो. पुणे-मिरज आणि दौंड-मनमाड हे मार्ग दीर्घकाळ एकेरी होते. तेथे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणे अपरिहार्य असे. दौंडला तर पुण्याहून मनमाडकडे जाताना इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. तो वेळ वाचावा म्हणून पुढे तेथे थेट वळणारा जोडमार्ग बांधण्यात आला.

अशा व्यवस्थेत एका ठिकाणचा विलंब त्याच ठिकाणी संपत नाही. साताऱ्याजवळ विनाकारण साखळी ओढली गेली, तर गाडीची पुढील स्थानकांवरील ठरलेली वेळ चुकते आणि तिला दुसऱ्या गाड्यांच्या मागे थांबावे लागते. अकोल्यास पहाटेपासून बसलेल्या माणसाला त्याचे कारणही कळत नाही. फार उशीर झाल्यास डब्यांची सफाई व तपासणी यांसाठीचा वेळ आखडतो आणि परतीच्या प्रवाशांनाही त्याची झळ पोहोचते. सबळ कारणाविना साखळी ओढणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४१ नुसार दंडनीय गुन्हा आहे. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने ही सवय जाणार नाही.

येथे आपणा सर्वांचे साहाय्य आवश्यक आहे. लोहमार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी गुरे रुळांवर जाणार नाहीत आणि बंद फाटकाखालून कोणी वाहन काढणार नाही, याविषयी गावात दक्षता घ्यावी. शिक्षकांनी धावत्या गाडीवर दगड मारण्याचे दुष्परिणाम मुलांना समजावून सांगावेत. अधिकाऱ्यांनी भुयारी मार्ग व उड्डाणपुलांसाठी लागणाऱ्या जमिनीची प्रकरणे रेंगाळू देऊ नयेत. गाडी रेल्वेची असली, तरी तिची वेळ राखण्यात मार्गावरील प्रत्येक गावाचा वाटा आहे.