त्या दिवशी मी गप्प राहिले
(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

‘रूढीपलीकडे विचार करायला कसं शिकायचं’ यावर मी बोलावं, असं ठरलंय. मी शहाणपण सांगणार नाही. माझं कुठे चुकलं, ते सांगणार आहे.

माझे वडील गेले तेव्हा मला चळवळीत दहा वर्षं झाली होती. विधवांच्या प्रश्नावर मी सभांतून तावातावाने बोलायची. त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी आईला मधे बसवलं, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. काच लागून तिच्या मनगटातून रक्त आलं. मी दोन हातांवर उभी होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही. नवा विचार डोक्यात होता, रूढी मात्र अंगात मुरलेली होती. शिवाय मी एकटी होते.

पुढच्या संक्रांतीला मी भरपाई करायला निघाले. हिरव्या बांगड्या आणि टिकल्यांचं पाकीट आईपुढे ठेवलं. म्हटलं, “आजपासून हे घालायचं.” आई म्हणाली, “तेव्हा त्या बायकांनी मला विचारलं नाही. आज तूही विचारत नाहीस.”

मी गप्पच झाले. एक हुकूम उचलून त्याच्या जागी मी दुसरा हुकूम ठेवत होते.

मग तिला विचारलं, “तुला काय हवंय?” असं तिला आजवर कोणी विचारलेलं नसावं. बऱ्याच वेळाने म्हणाली, “कुंकवाचं राहू दे. नातीच्या लग्नात मला तिला हळद लावायचीय. खांबाआड उभं राहायचं नाही.”

मी सौभाग्यचिन्हांवर अडले होते. तिला हवी होती माणसांतली जागा.

बायांनो, प्रश्न विचारण्याची ही वाट आपली स्वतःची आहे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं, की बाईला लावता तोच न्याय पुरुषाला का नाही? त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अडलेल्या विधवांना आसरा दिला. आणि इतक्या वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव हवाच. त्याने एकटीला आधार मिळतो. पण बांगडी फोडायला उठलेला हात नुसत्या कागदाने थांबत नाही. तो धरायला शेजारी कोणीतरी उभं असावं लागतं.

म्हणून कोणतीही रीत समोर आली, की मी आता तीन प्रश्न विचारते. हे ठरवलं कोणी? यातून कोणाला मान मिळतो आणि कोण दाराबाहेर राहतं? आणि जिच्यावर ही रीत लादली जाते, तिला आपण विचारलं का?

हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. वस्तीत बायका जमाव्यात म्हणून आपण हळदीकुंकू ठेवतो. त्याला विधवा, टाकलेल्या, लग्न न केलेल्या बायका येतात का? आल्या तर कुठे बसतात? तिळगूळ सगळ्यांना देतो, पण कुंकवाचा करंडा कोणाजवळ आला की हात आखडतो? उद्या आपापल्या गटात जाल तेव्हा आधी एवढंच पाहा.

नातीच्या लग्नाची गोष्ट राहिली. या वेळी मी एकटी नव्हते. गटातल्या पाचजणी आल्या होत्या. आधी घरच्यांशी बोलणं झालं होतं, नवरीशीही. आईने पहिली हळद लावली. दोन नातेवाईक बायका उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने एक चुलती, स्वतः विधवा, खांबामागून पुढे आली आणि आईला म्हणाली, “वाटी इकडे द्या.”

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकीच्या घरात असा एक खांब आहे. त्याच्याआड कोण उभी आहे, ते बघा. आणि तिला ओढून पुढे आणण्याआधी, तिला विचारा.